बूथचा आकडा आणि सप्ताहाची वीणा

प्रश्न

रामकृष्ण हरी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, २१२ उंबऱ्यांचं. मी नऊ वर्षांपासून सप्ताह समितीचा खजिनदार आहे. वरली आळी मराठ्यांची, खालची वंजाऱ्यांची. मध्ये माळी, धनगर आणि मुसलमानांची थोडी घरं, वेशीबाहेर बौद्धवाडा. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला त्या रात्री वरल्या आळीच्या पोरांनी खालच्या आळीत जाऊन फटाके वाजवले, दारात गुलाल टाकला. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीच्या पोरांनी स्टेटसला नको ते लिहिलं. मग त्यांनी वरल्या आळीच्या दुकानातून किराणा बंद केला, इकडच्यांनी त्यांच्या डेअरीला दूध घालणं बंद केलं. कुणीतरी बूथचा आकडा काढून आणला : ८१२ पैकी ४३१ एकाला, ३५२ दुसरीला. आता 'फुटलेले कोण' याची यादी फिरतेय. सप्ताह २० ऑगस्टला बसतो, २७ ला काला. खालची आळी म्हणते, आम्ही वेगळा बसवू. भावकी म्हणते, तू मध्ये पडू नको. ज्याच्यासोबत मी नऊ वर्षं सप्ताहात वीणेचा पहारा केला तो मित्र ओळख दाखवत नाही. गावाचं एकमत कसं करावं?
– एक खजिनदार

उत्तर

रामकृष्ण हरी. एकमत करायला जाऊच नका. आरक्षणाचा जो प्रश्न अंतरवाली सराटीच्या (मराठा आरक्षणासाठीच्या) आणि वडीगोद्रीच्या (ओबीसी आरक्षण वाचवण्यासाठीच्या) उपोषणांमुळे घराघरांत पोचला, तो तुमच्या पारावर सुटणारा नाही. तो मुंबईत, दिल्लीत आणि कोर्टात सुटेल किंवा अडेल. त्या कागदावर सही करायचा अधिकार तुमच्या गावात कुणालाही नाही. दुकान, डेअरी, मातीला जाणं आणि सप्ताह या चार गोष्टी मात्र पूर्णपणे गावाच्या हातातल्या आहेत. दोन्ही आळ्यांनी आपापलं मत जवळ ठेवावं आणि या चार गोष्टी चालू कराव्यात, एवढंच काम समोर ठेवा. समेटाच्या बैठका बहुतेक करून 'आधी तुम्ही मान्य करा' या एका वाक्यावर मोडतात. तुमच्या बैठकीत कुणी काही मान्य करायचं नाही, हे आधीच सांगून टाका.

सुरुवात त्या बूथच्या आकड्यापासून करा. फटाक्यांचा आवाज विरला, कागद अजून फिरतोय. मतमोजणीनंतर फॉर्म २० तयार होतो. त्यात मतदान केंद्रागणिक प्रत्येक उमेदवाराची मतं असतात आणि तो कुणालाही बघता येतो. मतपत्रिका कागदाच्या होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र कालवून मोजायची सोय नियमात होती, ती अशाच कारणासाठी. मतयंत्रं आली आणि प्रत्येक केंद्र उघडं पडलं. १४ यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारं 'टोटलायझर' वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगानेही २०१५ मध्ये तीच शिफारस केली. ते यंत्र अजून आलेलं नाही, आणि कुठल्याच सरकारला त्याची फार घाई दिसत नाही. एकच बूथ असलेल्या गावाची कुंडली त्यामुळे दर निवडणुकीला चव्हाट्यावर येते.

पण कळतं ते गावाचं, माणसाचं नाही. तुमचाच आकडा घ्या. ४३१ आणि ३५२ मिळून ७८३. उरलेली २९ मतं बाकीच्या उमेदवारांत आणि 'नोटा'त गेली. यादी करणाऱ्याने आळीतली मतं मोजली, त्यातून पडलेली मतं वजा केली आणि बाकी राहिली तिला फितूर म्हटलं. हा हिशोब शाळेतलं पोरही चूक देईल. यादीत नाव आहे म्हणून माणूस मतदानाला आला असं होत नाही. कुणी वीटभट्टीवर असतो, कुणी चाकणला कंपनीत, कुणी वारलेला असूनही यादीत जिवंत असतो. बूथ एजंट यादीवर टिक करतो ती फक्त 'आला' म्हणून, कुठलं बटण दाबलं ते त्याला दिसत नाही. मधली घरं आणि बौद्धवाडा या हिशोबात कुणी धरलेच नाहीत, जणू त्यांनी मत दिलंच नाही. शिवाय यंदा बीडमध्ये एका अपक्षाला नुसत्या 'तुतारी' या चिन्हावर ५४ हजारांहून जास्त मतं मिळाली, आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह वेगळ्याच उमेदवाराचं, बजरंग सोनवणे यांचं, होतं. त्यातली किती मतं मनापासून पडली आणि किती बोट चुकल्याने, ते यंत्राला विचारून कळत नाही.

आणखी एक भागाकार करून ठेवा. बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी जिंकले, पंकजा मुंडे तेवढ्याने हरल्या. मतदारसंघात सव्वादोन हजारांहून जास्त मतदान केंद्रं होती. म्हणजे केंद्रामागे तीन मतांचाही फरक नाही. तुमच्या गावाने कुणाला पाडलं नाही आणि कुणाला निवडूनही आणलं नाही. हे दोन्ही आळ्यांना थोडं लागेल, लागू द्या.

मात्र हे गणित चारचौघांत भाषणासारखं सांगू नका. चारचौघांत खोटं पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरी यादी आणतो. यादी फिरवणाऱ्याला एकट्याला गाठा, वहीच्या पानावर त्याच्याच हाताने वजाबाकी करून घ्या, आणि 'आता ही पुढे पाठवू नको' एवढंच म्हणा. उद्या कुणी देवळात बेल-भंडारा उचलून 'कुणाला मत दिलं ते सांग' म्हणायला लागला, तर तिथे मात्र आवाज चढवायला हरकत नाही. आपण कुणाला मत दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही, असं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम ९४ सांगतं. गावात कलमापेक्षा साधं वाक्य चालतं : 'आज त्याला उचलायला लावलास, उद्या तुझ्या बायकोला लावतील.'

आता व्यवहार. त्यांना क्रम आहे आणि तो मोडू नका. सगळ्यात आधी मयत. निकालानंतर गावात जेवढे मृत्यू झाले त्यांत दुसऱ्या आळीची माणसं मातीला गेली का, हे आधी तपासा. गेली असतील तर तुमचं निम्मं काम आधीच झालंय आणि बहिष्कार वाटतो तेवढा खोल नाही. गेली नसतील तर कुठल्याही बैठकीआधी तुम्ही आणि खालच्या आळीचा एक जाणता, दोघांनी त्या घरी बसून या. उशीर झाला तरी जा. 'यायला हवं होतं, आलो नाही' इतकंच बोला, निवडणुकीचं नाव काढू नका.

दुकानाच्या बहिष्कारात एक गोष्ट कुणी बोलत नाही : उधारी. किराणा बंद करणाऱ्यांत सगळ्यात जोरात ओरडणाऱ्या दहा जणांची नावं घ्या आणि दुकानदाराची वही बघा. त्यातल्या निम्म्यांकडे जुनी बाकी निघाली तर नवल नाही. जातीच्या नावाखाली उधारीही बुडते, हा बहिष्काराचा गुपचूप फायदा आहे. म्हणून 'पुन्हा दुकानात या' असं नुसतं आवाहन फुकट जातं. ज्याला तोंड दाखवायची लाज वाटते तो येणारच नाही. दुकानदाराला समजावा की पेरणी नुकतीच झालीय, जुलैत कुणाच्या हातात पैसा नसतो. बाकी सोयाबीन घरात आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, दोन हप्त्यांत द्यायची, असं वहीत दोघांच्या सहीने लिहून ठेवावं. तोवर नवा माल रोखीने. एवढं झालं की 'बहिष्कार उठला' असं कुणाला जाहीर करावं लागत नाही. पावसाळ्यात मीठ-मिरचीसाठी चार किलोमीटर चिखल तुडवायची हौस कुणालाच नसते.

डेअरीचं त्याहून सोपं आहे. संकलनाची गाडी ठराविक लिटरच्या खाली दूध असलं की गावात वळायला कां-कू करते. वरली आळी बाहेर राहिली तर गाडी दोन्ही आळ्यांना बंद होईल, हे डेअरीवाल्याने नाही, गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलेलं बरं. 'फॅट कमी लावतात' ही तक्रार निघणार, ती निवडणुकीच्या आधीपासूनच असणार. आठवडाभर दूध घालणाऱ्याच्या समोर यंत्र लावा आणि पावती हातात द्या.

बैठक मात्र घाईने नको, आणि ग्रामसभेत तर मुळीच नको. १५ ऑगस्टची ग्रामसभा समोर दिसतेय म्हणून विषय तिथे ढकलायचा मोह होईल. तिथे मोबाइल वर असतात, विधानसभेचे इच्छुक असतात, प्रत्येक जण आपल्या आळीसाठी बोलतो. आषाढी १७ जुलैला आहे. पौर्णिमेचा काला करून वारकरी २१-२२ ला परततील. दिंडीत दोन्ही आळ्यांची माणसं पंधरा-वीस दिवस एकाच राहुटीत झोपलेली असतात, त्यांच्या अंगातून गाव थोडं उतरलेलं असतं. त्याच आठवड्यात सहा-सात जणांना बसवा. दोन वरल्या आळीचे, दोन खालच्या, दोन मधल्या घरांतले आणि बौद्धवाड्यातले. सरपंच, माजी सरपंच आणि दोन्ही पक्षांचे बूथ एजंट नकोत, ते कितीही भले असले तरी. गावात बचत गटांचा ग्रामसंघ चालू असेल तर त्याच्या अध्यक्षा सातव्या असाव्यात. बचत गटांची कर्जं आणि हप्ते एकमेकींत अडकलेले असल्याने त्या बायका या महिनाभरातही एकत्र बसलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. पुरुषांना जे नव्याने जमवायचंय ते त्या कधी थांबल्याच नसतील.

मधल्या घरांबद्दल एक सांगायचंय. दोन आळ्यांची भांडणं मिटवताना या घरांना नेहमी एक तर पंचाच्या खुर्चीत किंवा चहाच्या किटलीपाशी जागा मिळते. त्यांना पंच म्हणूनही बोलावू नका, तो भार त्यांच्यावर टाकणं योग्य नाही, कारण दोन्हीकडच्या वावरांत त्यांना मजुरीला जायचं असतं. गावकरी म्हणून बोलवा. त्यांचीही गाऱ्हाणी असतील आणि ती या निवडणुकीपेक्षा जुनी असतील.

जागा शाळेचा व्हरांडा. देऊळ नको, कुणाचं घर नको. वेळ धारा काढून झाल्यावर, पाऊण तास, जास्त नाही. मोबाइल एका पिशवीत. प्रश्न एकच : निकालानंतरच्या महिन्यात तुम्हाला लागलेली एक गोष्ट सांगा. एकच, आणि ४ जूनच्या आधीची नाही. नाहीतर कुणी मागच्या सरपंचपदापर्यंत जाईल, कुणी आजोबांच्या बांधापर्यंत. बोलणाऱ्याला तीन मिनिटं. त्याने संपवल्यावर समोरच्या आळीतल्या एकाने उत्तर द्यायचं नाही, त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. हे सोपं वाटतं, पण पहिल्या खेपेला हमखास चुकतं. उदाहरणार्थ :

'माझी आई दारात बसली होती. दम्याची पेशंट. तिच्या अंगावर गुलाल पडला.'

'म्हणजे पोरांनी जल्लोष केला त्याचा तुम्हाला राग आला.'

'नाही. जल्लोष करू द्या. ते माझ्या आईला बघून थांबले नाहीत.'

'तुमची आई तिथे आहे हे दिसूनही ते थांबले नाहीत, हे लागलं.'

'हां. हेच.'

हे 'हेच' ऐकू येईपर्यंत पुढे जायचं नाही. 'राग जल्लोषाचा आहे' असं धरलं असतं तर पुढचा तास मिरवणुकीच्या हक्कावर गेला असता. समोरचा 'पण तुमच्या पोरांनी स्टेटसला काय टाकलं होतं?' म्हणाला की ग्रामसंघाच्या बाईंनी एवढंच म्हणावं, 'ते तुमच्या पाळीला.' पाळी येतेच, आणि तेव्हा वरल्या आळीला ऐकावं लागतं.

मग माफी. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहोत' ही पुढाऱ्यांची माफी. ती गावात चालत नाही, कारण त्यात चूक समोरच्याच्या भावनेची ठरते. चालते ती अशी : 'चार तारखेला रात्री तुमच्या दारात गुलाल टाकला, तुमच्या आईला त्रास झाला, चुकलं.' कुठे, कधी, कुणाला, काय. ही माफी पोरांनी स्वतः, दोघा-तिघांनी, त्या म्हातारीसमोर जाऊन मागावी. बैठकीत मागायला लावलीत तर ती शिक्षा होईल आणि तिचा व्हिडिओ निघेल. स्टेटसवाल्यांनीही तसंच, ज्याच्या नावाने लिहिलं त्याच्या घरी जाऊन.

आता तुमचं खरं हत्यार, म्हणजे सप्ताहाची वही. वर्गणी मागायच्या आधी गेल्या वर्षीचा हिशोब देवळाच्या भिंतीला लावा. घरटी ५०० प्रमाणे जमायला हवी होती १,०६,००० ची वर्गणी, प्रत्यक्षात जमली किती, कीर्तनकारांचं मानधन किती, मंडप किती, शिल्लक किती. शेजारी दुसरी यादी : मोठी पातेली किती, स्पीकरचा संच, ताडपत्र्या, टाळ, पखवाज, आणि त्यातली कुठली वस्तू कुणाच्या घरी आहे. 'वेगळा बसवू' म्हणणाऱ्यांच्या पोटात बऱ्याचदा हेच असतं : भांडी त्यांच्या वाड्यात, माईक त्यांच्या हातात, आमची फक्त वर्गणी. सामान शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत आणा, दोन कुलपं लावा, एकेक किल्ली एकेका आळीत द्या. दर वर्षी देणगीदारांच्या नावांचा फळा लावत असाल तर यंदा फक्त रोजची बेरीज लिहा. ज्याने दिली नाही त्याचं नाव फळ्यावर नाही म्हणून चव्हाट्यावर येतं, आणि मग तो कायमचा देत नाही.

पहाऱ्याची पाळी मात्र तुम्ही स्वतः लावा, आणि श्रावण लागतो त्या ५ ऑगस्टपर्यंत लावून टाका. सात दिवसांचे १६८ तास, दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे. प्रत्येक पहाऱ्याला एक विणेकरी आणि दोन टाळकरी म्हटले तर २५२ जागा. ४२ माणसं जमवा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा पाळ्या येतात. १६ वरल्या आळीची, १६ खालच्या, १० मधल्या घरांतली आणि बौद्धवाड्यातली, ज्यांची इच्छा आहे ती. रात्री १२ ते २ आणि २ ते ४ हे पहारे सगळे टाळतात आणि सप्ताहातली भांडणं तिथूनच सुरू होतात. हे पहारे सात रात्रींचे १४, म्हणजे बरोबर ४२ जागा. प्रत्येकाला नेमकी एक येते. ही गोष्ट यादी वाचून दाखवताना मोठ्याने सांगा, कुरकुर तिथेच थांबेल.

वीणा खाली ठेवायची नसते. ती हातातून हातातच जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तेव्हा यादी अशी लावा की शक्य तिथे दोन लागोपाठ विणेकरी एकाच आळीचे नसतील. पहिल्या पहाऱ्यापासून शेवटच्यापर्यंत वीणा ८३ वेळा हात बदलते. कुणाला बोलायला सांगायचं नाही, मिठी मारायला लावायचं नाही, फोटो काढायचा नाही. रीत आहे ती तेवढी पाळायची. एक खबरदारी घ्या : फटाके वाजवणारे आणि स्टेटसवाले यांना एकाच रात्रीच्या पहाऱ्यात टाकू नका. रात्री दोनला, झोप डोळ्यांवर असताना, टोमणा फार लागतो. त्यांना दिवसा मंडप, पाण्याचा टँकर, वायरिंग अशा ओझ्याच्या कामाला जोडीने लावा. ज्या कामात एकाने खांब धरल्याशिवाय दुसऱ्याला दोरी बांधता येत नाही, असं काम.

फ्लेक्सवरून जेवढे सप्ताह फुटतात तेवढे अभंगावरून फुटत नाहीत. यंदा फ्लेक्सवर विठ्ठल-रखुमाई, ज्ञानोबा-तुकोबा, कीर्तनकारांची नावं, तारखा, वेळा. शुभेच्छुक नकोत, कुठल्याच नेत्याचा फोटो नको, हयात असो की स्वर्गवासी. विधानसभेची मुदत नोव्हेंबरात संपतेय, त्यामुळे या श्रावणात प्रत्येक गावच्या सप्ताहाला इच्छुक उमेदवार पाकीट घेऊन येणार. समितीने आधीच ठराव लिहावा : देणगी पावतीनेच, शाल-श्रीफळ कुणालाच नाही, माईक कुणालाच नाही, पाहुणा श्रोत्यांत बसेल. आलेल्याला बाहेरच नम्रपणे ठराव दाखवायचा. तो दोन्ही आळ्यांच्या सहीचा असला म्हणजे कुणा एकाला वाईटपणा येत नाही. कीर्तनकारांना तारीख घेतानाच फोनवर सांगा की नारदाच्या गादीवरून नेत्याचं किंवा आंदोलनाचं नाव नको. 'मी माझं बोलणार' असं जे म्हणतील त्यांना नमस्कार करून दुसरे बघा. कीर्तन आठला सुरू करा, दहाला भोंगा बंद होतो.

काल्याच्या पंगतीबद्दल आमचं ठाम मत आहे. आचारी लावून बुंदी करू नका. घरटी पाच भाकरी गोळा करा आणि आमटी देवळापाशी शिजवा. २१२ घरांच्या १,०६० भाकरी, माणशी दोन धरल्या तर ५३० पानं उठतात. त्याला सुमारे दीडशे लिटर आमटी आणि तीस किलोच्या आसपास डाळ लागेल. भाकरी गोळा करायला ट्रॅक्टरवर दोन्ही आळ्यांचं एकेक पोरगं चढवा, आणि ट्रॅक्टर वाड्याकडून न निघता बौद्धवाड्यापासून निघू द्या. सगळ्या भाकरी एकाच कापडावर एकाच ढिगात पडल्या पाहिजेत, हे तुम्ही उभं राहून बघा. ढीग झाला की कुठली भाकरी कुठल्या चुलीची हे कुणाला सांगता येत नाही. वाढपी मिसळलेले असावेत. कुणी वेगळी पंगत मागितली तर ती मिळणार नाही. घरी डबा न्यायचा असेल तर खुशाल न्यावा.

व्हॉट्सअॅपचा जो गावकऱ्यांचा ग्रुप आहे तो तसाच राहू द्या, त्याला आता कुणी सुधारू शकत नाही. 'राजकारण नको' असा नियम टाकून उपयोग होत नाही, कारण प्रत्येकाला स्वतःची पोस्ट राजकारण वाटतच नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा वाटतात. सप्ताहाचा नवा ग्रुप काढा, फक्त अॅडमिनच लिहू शकतील असं सेटिंग करा, अॅडमिन दोन, एकेका आळीचा. त्यावर चारच प्रकारचे निरोप : कार्यक्रम, हिशोब, पाणी-लाइट, आणि मयत. स्टेटसवर तुमचा इलाज नाही. स्टेटस बघितलं हे समोरच्याला दिसतं, म्हणून बघूच नका.

एवढं करूनही खालची आळी वेगळा सप्ताह बसवेल अशी शक्यता आहे. बसवू द्या. आकाश कोसळणार नाही. तसं झालं तर फक्त दोन गोष्टी मागा : तारखा एकच नकोत, आणि त्यांच्या काल्याला वरल्या आळीची भाकरी जाईल, ती परत पाठवू नये. मग पुढच्या वर्षीचं बोलणं सुरू ठेवायला जागा राहते. २ सप्टेंबरला पोळा आहे. वेशीत मानाचा बैल कुणाचा, हा वाद तुमच्याकडे असेल तर तो सप्ताहाच्या बैठकीत चुकूनही काढू नका. दोन गाठी एकदम ओढल्या तर दोन्ही घट्ट होतात.

कुणी बहिष्काराची शपथ घ्यायला लावत असेल, ऑडिओ क्लिप फिरवून धमकी देत असेल, कुणाची वाट किंवा पाणी अडवत असेल, तर ते समितीचं काम नाही. क्लिप जपून ठेवा आणि ठाण्यात द्या. जातीजातींत तेढ लावण्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतो, पूर्वी तो १५३ अ होता. शक्य असेल तर धमकी देणाऱ्याच्याच आळीतला माणूस तुमच्यासोबत तक्रारीला यावा, तिचं वजन वेगळं पडतं.

आणखी एक. निकालानंतर तुमच्या भागात काही तरुणांनी पराभव मनाला लावून घेऊन जीव दिला. गावातला एखादा पोरगा गप्प झाला असेल, जेवत नसेल, फोनवर तेच तेच बघत असेल, तर तो कुठल्या आळीचा हे न बघता त्याच्या घरी जा, त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. सप्ताहाच्या ग्रुपवर तो एकदा टाका, कारण न लिहिता.

राहिला तुमचा मित्र. त्याला समजावायला जाऊ नका, निरोप पाठवू नका, मध्यस्थ तर नकोच. यादी लावणारे तुम्हीच आहात. तुमचा रात्रीचा पहारा २ ते ४ लावा आणि त्याच्यापुढचा, काकड्याचा ४ ते ६, त्याला द्या. नऊ वर्षांत त्याला पहाटे उठवायचं काम कुणाकडे होतं, ते तुम्हाला ठाऊकच असेल. पावणेचारला वीणा तेवढा वेळ टाळकऱ्याकडे द्या आणि जा. फोन करू नका, कडी वाजवा.